क्रेडिट कार्डाचे बक्षीस : त्याचा उगम आणि त्याच्या मर्यादा

पुणे

चि. भाचीस,


रोजच्या खर्चासाठी कोणते क्रेडिट कार्ड घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कार्डाच्या नावाने देता येण्याजोगे नाही, कारण कार्डांच्या सवलती वरचेवर बदलतात आणि एका घराला लाभणारे कार्ड दुसऱ्या घरात निरुपयोगी ठरते. मात्र ही बक्षिसे ज्या पैशातून दिली जातात तो पैसा कोठून येतो, एवढे एकदा नीट उमगले की कोणत्या खर्चावर बक्षीस मिळेल, कोणत्यावर मिळणार नाही आणि तेच बक्षीस केव्हा महागात पडेल, हे जाहिरात न वाचताही ताडता येते. पहिल्या पगाराच्या वेळीच ही समज आली तर तिचा उपयोग आयुष्यभर होतो, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने.

दुकानदाराने क्रेडिट कार्डावर शंभर रुपयांचा माल विकला की त्याच्या खात्यात पूर्ण शंभर रुपये जमा होत नाहीत. साधारणपणे दोन रुपयांच्या आसपास रक्कम शुल्क म्हणून कापली जाते आणि या शुल्काला व्यवहारात एमडीआर म्हणतात. त्यातील मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, ज्याला इंटरचेंज असे नाव आहे, आणि उरलेला भाग दुकानदाराची बँक व व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे यांच्यात वाटला जातो. कार्डधारकाला एक-दोन टक्क्यांचे जे बक्षीस मिळते ते बऱ्याच अंशी या इंटरचेंजमधून काढून दिलेले असते. बँकखात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे, त्यामुळे तेथे नियमित बक्षीस देण्यासाठी बँकेच्या हाती काही उरत नाही. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील क्यूआर कोडवरही उधारीचा व्यवहार शक्य झाला. परंतु लहान दुकानदारांना दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांवर शुल्क माफ असल्याने, या सोयीवरील बक्षिसाला बँका मर्यादा घालतात यात नवल नाही.

हेच तत्त्व पुढे नेले की कार्डाच्या अटींमधील वगळलेल्या खर्चांची यादी मनमानी वाटत नाही. पेट्रोल, घरभाडे, विमा, विजेचे बिल, सरकारी भरणा आणि वॉलेटमध्ये पैसे टाकणे या खर्चांवर अनेक कार्डे बक्षीस देत नाहीत किंवा फार थोडे देतात, कारण यांपैकी बहुतेक ठिकाणी बँकेला मिळणारा वाटा तुटपुंजा असतो, आणि भाडे किंवा वॉलेट यांच्या मार्गाने पैसे नुसते फिरवून बक्षीस उकळले जाण्याची शक्यताही असते. पेट्रोलवर तर बहुधा एक टक्का अधिभार लागतो. तो विशिष्ट रकमेच्या व्यवहारात परत मिळतो, पण त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही. खर्च कोणत्या प्रकारचा, हे बँक पावतीवरील वस्तू पाहून ठरवत नाही, तर प्रत्येक विक्रेत्याला दिलेल्या चार अंकी वर्ग-क्रमांकावरून ठरवते. किराणा व सुपरमार्केट यांचा क्रमांक ५४११ आणि उपाहारगृहांचा ५८१२ असतो. म्हणूनच मॉलमधील मोठ्या दालनात घेतलेली तूरडाळ त्या दालनाच्या क्रमांकाप्रमाणे मोजली जाते आणि किराण्यावरील सवलतीला कधी कधी मुकते.

बक्षिसाचा दुसरा उगम अधिक अस्वस्थ करणारा आहे. भारतातील अनेक कार्डांवर थकबाकीचे व्याज दरमहा साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के पडते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. अमेरिकेतील कार्डबाजाराचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये असा निष्कर्ष मांडला की बक्षिसांच्या रूपाने तेथे दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे सरकतात, आणि ते कार्ड जपून न वापरणाऱ्यांकडून जपून वापरणाऱ्यांकडे, कमी शिकलेल्यांकडून अधिक शिकलेल्यांकडे जातात. बक्षीस घेण्यात पाप नाही. परंतु त्याचा काही भाग दुसऱ्या कोणाच्या व्याजातून आलेला असू शकतो हे जाणणाऱ्या माणसाने निदान स्वतः त्या देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू नये.

आता हिशेब. जाहिरातीत पॉइंट सांगितले जातात, टक्के नव्हे; म्हणून पहिले काम पॉइंटांचे रुपये करण्याचे. दीडशे रुपयांच्या खर्चाला चार पॉइंट आणि एका पॉइंटचे मोल पंचवीस पैसे असेल, तर दीडशेला एक रुपया, म्हणजे सुमारे ०.६७ टक्के परतावा झाला. त्यातही २९० रुपयांच्या बिलावर एकाच दीडशेचे पॉइंट जमा होतात आणि उरलेले १४० रुपये कोरडे जातात. तोच पॉइंट वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये, विमानतिकिटासाठी किंवा बिलात वजा करण्यासाठी वापरताना त्याचे मोल बदलते, शिवाय पॉइंटांना मुदत असते. वार्षिक शुल्क ५०० रुपये असेल तर जीएसटीसह ते ५९० होते, आणि एक टक्का परतावा देणाऱ्या कार्डावर ते शुल्क भरून निघण्यासाठीच वर्षाला ५९ हजारांची खरेदी लागते.

महिन्याला ४० हजार खर्च असलेले एक काल्पनिक घर घ्यावे : भाडे १५ हजार, किराणा ८ हजार, मुलांची फी ५ हजार, वीज, गॅस व फोन मिळून ३ हजार, पेट्रोल ३ हजार आणि ऑनलाइन खरेदी ६ हजार. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के आणि किराण्यावर एक टक्का देणारे कार्ड या घराला दरमहा ३०० अधिक ८० असे ३८० रुपये मिळवून देते. ४० हजारांवर पाच टक्क्यांनी दोन हजार मिळतील, ही समजूत उरत नाही. याच घराची २० हजारांची बाकी पावणेचार टक्क्यांनी एक महिना राहिली तर व्याज ७५० आणि जीएसटी १३५ असे ८८५ रुपये जातात, म्हणजे दोन महिन्यांच्या बक्षिसाहून अधिक रक्कम एका चुकीत संपते. बिलावर छापलेली किमान देय रक्कम भरली की प्रश्न मिटला, हा समज सर्वांत घातक आहे. तेवढी भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही, आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत संपुष्टात येते.

ही मुदत खरेदीच्या दिवसावर अवलंबून असते. बिलाची तारीख ५ आणि भरण्याची तारीख २५ असेल, तर ६ जूनच्या खरेदीचे पैसे २५ जुलैला, म्हणजे ४९ दिवसांनी द्यावे लागतात, आणि ४ जूनच्या खरेदीचे अवघ्या २१ दिवसांनी. एटीएममधून कार्डावर रोख काढल्यास मात्र ही मुदत मुळीच मिळत नाही.

एखाद्या दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावाने बँक काढते त्या संयुक्त कार्डांत परतावा अधिक असतो, कारण तेथे इंटरचेंजखेरीज विक्रेताही आपल्या नफ्यातील वाटा घालतो. २०१८ मध्ये आलेल्या अॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाने त्याच संकेतस्थळावर प्राइम सदस्यांना पाच टक्के, इतरांना तीन टक्के आणि बाहेरच्या बहुतेक खर्चावर एक टक्का, वार्षिक शुल्काविना, अशी सरळ रचना ठेवली. जेथे खरेदी आधीपासून होतच होती तेथील संयुक्त कार्ड लाभाचे. ज्याच्यामुळे नव्या दुकानाची सवय लागते ते तोट्याचे. अमेरिकेत प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणाऱ्यांनी रोखीने देणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त बोली लावली होती. खर्च पाच टक्क्यांनी वाढला तर पाच टक्के परताव्याला काहीच अर्थ राहत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी कार्डधारकाला काही हक्क दिले आहेत आणि ते भाचीने ध्यानात ठेवावेत. न मागितलेले कार्ड बँकेने देऊ नये. बाकी शून्य असताना कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण व्हावी, अन्यथा दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा. आणि विलंब शुल्क भरण्याची तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्यावरच लागावे.

तेव्हा क्रम असा असावा. आधी तीन महिन्यांचा खर्च वहीत मांडावा, त्यातून बक्षीसपात्र नसलेला भाग वगळावा, उरलेल्यात सर्वांत मोठा खर्च कोणता ते पाहावे आणि त्या खर्चावर रोखीच्या रूपात परतावा देणारे, शुल्क नसलेले एकच कार्ड घ्यावे. बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी व्यवस्था कार्ड हाती येताच, पहिल्या खरेदीच्या आधी करावी. महिनाअखेरीस पूर्ण बिल भरता येईल याची खात्री नसेल, तर त्या काळात कार्ड न घेणे हाच सर्वाधिक परतावा होय. वर्षाला चार-साडेचार हजार रुपये ही हेटाळण्याजोगी रक्कम नाही, पण कष्टाच्या पगाराची मालकी स्वतःकडे राहणे तिच्याहून कितीतरी मोलाचे आहे, आणि भाचीच्या वाट्याला ते दोन्ही यावे, हीच मनापासून इच्छा.

घरातील वडीलधाऱ्यांस सा. न. व लहानांस आशीर्वाद.

शुभचिंतक,
मामा