विठ्ठल नसलेलं विठ्ठलमंदिर

बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि हंपी, सगळं दोन दिवसांत! माझी वहीतली आखणी बघून आई म्हणाली, "देवळं बघायचीत, की नुसती शिवून यायचीत?" चालुक्यांची तिन्ही गावं खोडली आणि यादीत वर पंढरपूर चढलं. तिचा हिशेब सरळ होता. कृष्णदेवरायानं विठोबाला हंपीला नेलं आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, परत आणलं, ही कथा ती लहानपणापासून ऐकत आलेली. मग वाटही तीच धरायची.

पुण्याहून पहाटे निघालो. पंढरपूर, सोलापूर, रात्री विजापूर. दुसऱ्या दिवशी आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडली. १५६५ साली विजयनगर बुडवणारी लढाई याच नदीच्या आसऱ्यानं झाली, हे मी सांगत होतो. आईचं लक्ष पाट्यांवर. इलकल आल्याबरोबर तिनं गाडी थांबवायला लावली. इरकल लुगड्याचं गाव ते! माझ्या वेळापत्रकातले दोन तास तिथंच गेले. लाल पदराचं एक लुगडं आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगाचटणी, एवढ्यावर मीही गप्प झालो.

हंपीत विठ्ठलमंदिरासमोरचा दगडी रथ पन्नासच्या नोटेवर असल्यानं फोटोवाल्यांची झुंबड तिथंच. खरं तर तो रथ नव्हे, गरुडाचं देऊळ. पुढचे हत्ती मागाहून बसवलेले. त्यांच्यामागे वाकून पाहिलं तर मूळच्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून दिसतात. संगीतखांबांना हात लावू देत नाहीत, ते बरंच आहे. वाजवून वाजवूनच झिजले असते.

आई मात्र थेट गाभाऱ्याशी गेली. आत मूर्ती नाही. पिशवीतून तिनं पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी काढली, उंबऱ्याशी जराशी थांबली आणि चिमूटभर माझ्याच कपाळाला लावला.

"इथं कुणाला नमस्कार केलास?" मी विचारलं.

"घरी गेलाय ना तो, बरं झालं," ती म्हणाली.

विरूपाक्षाचं देऊळ संध्याकाळी केलं. तिथं पूजा आजही चालते. तुम्ही जाणार असाल तर विठ्ठलमंदिराला अख्खी सकाळ ठेवा आणि दार उघडतानाच पोचा. दहानंतर दगड असे तापतात की अनवाणी पाय ठरत नाही.