जोती उघडीच राहू द्या

रायगडावरचे वाडे पुन्हा उभारावेत, असं मी वर्षानुवर्षं हिरिरीने मांडत आलो. बाजारपेठेची उघडी जोती पाहिली की पोटात तुटायचं. खांब उभे करा, छपरं चढवा, पोरांना वैभव डोळ्यांनी दिसू दे, म्हणायचो. आज माझं ते मत नाही. ते बदललं चीनमधल्या दातोंग शहरात.

बीजिंगहून वेगवान गाडीने दोनेक तासांत दातोंग येतं. कोळशाचं हे शहर ३९८ ते ४९४ या काळात उत्तर वेई घराण्याची राजधानी होतं. तटाच्या आतल्या जुन्या गल्ल्यांत एकट्याने मनसोक्त हिंडावं, एवढ्याच ओढीने मी गेलो. तट १३७२ सालचा, मिंग काळातला. समोर आला तो नवाकोरा. जुन्या विटा केव्हाच गेल्या होत्या, मातीचा गाभा तेवढा उरला होता. २००८ मध्ये महापौर झालेल्या गंग यानबो यांनी त्याच्यावर करड्या विटांचं नवं कवच चढवलं. काम सुबक, एकही वीट वाकडी नाही. आत रांगाच्या रांगा तशाच नव्या वाड्यांच्या, कित्येकांना कुलपं. तिथली हजारो कुटुंबं दुसरीकडे हलवलेली. दोरीवर वाळत घातलेलं धुणं नाही, भांड्यांचा आवाज नाही, उंबऱ्यावर बसलेली एखादी म्हातारी नाही. चालून चालून पाय दुखले आणि मी फार खट्टू झालो.

मग हुआयान मंदिरात गेलो. तिथलं ग्रंथांचं दालन १०३८ सालचं, लाकडी. आत एका बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. हात जोडलेले, रंग विटलेला, ओठ किंचित विलग, त्यातून दात दिसतात. तिच्यापुढून माझा पाय निघेना. अख्ख्या तटाने जे दिलं नाही, ते त्या विटलेल्या रंगाने दिलं.

गंग यांना खलनायक ठरवणं मला मान्य नाही. २०१३ मध्ये त्यांची बदली झाली, तेव्हा त्यांना इथेच ठेवा म्हणून लोक रस्त्यावर आले होते. धुरकटलेल्या शहराला पुन्हा मान मिळावा, ही तळमळ मला कळते. रायगडासाठी माझीही तीच होती. पण १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांपुढे गडावरचे वाडे जळाले, हेही गडाच्याच चरित्रातलं पान आहे. त्या वाड्यांचं कोरीवकाम कसं होतं, छपरांची ठेवण कशी होती, याचं खात्रीचं चित्र आपल्यापाशी नाही. आपण उभारू ते आपल्या मनातलं असेल, आणि महाराजांच्या काळातली खरी जोती त्याच्याखाली झाकली जातील.

ढासळता बुरूज सावरायला, टाक्यांतला गाळ उपसायला, जोत्यांत घुसलेली झाडं काढायला मी आजही वर्गणी देतो. वाडे उभारा म्हणणाऱ्या निवेदनावर मात्र यंदा सही केली नाही. मंडळातले मित्र नाराज आहेत. त्यांना दातोंगचे फोटो दाखवले, तरी वाद अजून मिटलेला नाही.