पित्त म्हणून सोडून दिलेली जळजळ

छातीत जळजळ झाली की आपल्या भालकी-औराद भागात मराठी माणूस म्हणतो 'पित्त झालं', कन्नड शेजारी म्हणतो 'एदे उरी' आणि उर्दू बोलणारा दुकानदार म्हणतो 'सीने में जलन'. भाषा तीन, उपाय मात्र एकच! सोड्याची पुडी पाण्यात टाकून प्यायची. माझ्या आईने हेच पंधरा वर्षे केले.

2022 च्या येळवसेला शेतात भज्जी-आंबिलाचे पोटभर जेवण झाले. रात्री आडवी होताच आईच्या छातीत कळ आली, घशाशी आंबट पाणी आले, खोकल्याची उबळ थांबेना. सर्वांना हृदयाचीच भीती वाटली. रात्रीच बीदर गाठले. डॉक्टरांनी आधी छातीची पट्टी काढली, रक्त तपासले. हृदय ठीक होते. हे आधी पाहणे गरजेचेच, कारण छातीतले दुखणे पित्ताचे की हृदयाचे, हे घरी बसून ओळखता येत नाही.

पुढे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली. आई फार घाबरली होती, पण काम काही मिनिटांत उरकले. निदान निघाले 'हायटस हर्निया'. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्यातल्या छिद्रातून अन्ननलिका खाली जठराकडे येते. वय किंवा वजन वाढले की हे छिद्र सैल होऊ शकते आणि जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो. मग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर येते. वाकून खुरपताना आणि झोपल्यावर त्रास का वाढतो, हे आईला त्या दिवशी कळले.

हर्निया म्हणजे ऑपरेशनच, असा आमचा समज होता. पण बहुतेकांना ते लागत नाही. औषधाने भागले नाही तर जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवतात. रुडॉल्फ निसेन या सर्जनने 1956 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आता ती दुर्बिणीतूनही होते.

आईला आठ आठवडे पँटोप्राझोलची गोळी दिली, सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी. सोबत काही नियम सांगितले. रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास, तेही थोडे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही. लुगड्याची गाठ सैल. तंबाखूची मिश्री बंद. मिश्री सोडणे आईला सर्वांत जड गेले, पण सुटली. आता ती रात्रभर शांत झोपते.

गोळीने बरे वाटते म्हणून दुकानातून आणून वर्षानुवर्षे मनानेच घेत राहू नये. घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, विनाकारण वजन उतरणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातली बाईमाणसे स्वतःचे दुखणे सहसा सांगत नाहीत. आज घरी गेल्यावर आजीला एवढे विचारा, "रात्री छातीत जळजळ होते का?" होत असेल, तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जायला वडिलांना सांगा.