विषयाची ओळ

वकिली पेशात आमची अर्धी हयात 'विषय' या शब्दाखाली एक ओळ लिहिण्यात गेली आहे. अर्ज तहसीलदारांकडे जावयाचा असो वा नगरपालिकेकडे, नमस्काराच्या आधी ही ओळ येते आणि तिच्या शेपटाला 'बाबत' हा शब्द लोंबकळत असतो. या ओळीला सौंदर्य नाही. पण ती वाचून कारकून कागद योग्य बासनात घालतो, आणि तेवढ्यावर आमच्या पक्षकाराचे भले होते.

व्यापाऱ्यांच्या ई-मेलमध्ये हीच ओळ शिरली आणि तिचा धर्म पालटला. कारकुनाला वाट दाखविणारी ओळ आता फेरीवाल्याची आरोळी झाली. त्यात नवल ते काय? दिवसाला पन्नास पत्रे येणारा गृहस्थ पत्रे उघडत नाही. धाडणाऱ्याचे नाव आणि विषयाची ओळ पाहून ती खुडतो. मोबाईलच्या पडद्यावर त्या ओळीतील तीस-चाळीस अक्षरे दिसतात. उरलेली तीन टिंबांत गडप होतात.

येथे आमच्या भाषेची एक अडचण आहे, तिचा विचार आमचे व्यापारी करताना दिसत नाहीत. मराठी वाक्याचा प्राण शेवटी असतो. 'आगामी श्रावणमासानिमित्त आमच्या सर्व स्नेही ग्राहकांसाठी सवलतीच्या दरात पितळी समया' ही ओळ कागदावर शोभेल. पडद्यावर श्रावणमास आणि स्नेह उरतो, समई दिसतच नाही. तीच ओळ 'पितळी समया, तीन आकार : श्रावणापूर्वी घरपोच' अशी उलटवावी. वस्तू आधी, मुदत नंतर, आदरसत्कार पत्राच्या आत. ज्याला समई हवी आहे तो उघडील. ज्याला नको तो उघडणार नाही, आणि त्याने उघडू नये हेही व्यापाऱ्याच्या हिताचेच. फसून उघडणारा गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेस त्या नावाकडे पाहतसुद्धा नाही.

हे आम्ही सांगतो ते एका छापील कागदामुळे. आमचे एक पक्षकार, निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरीच्या पुढे. एका दुपारी घामाघूम होऊन आले. "वकीलबाब, आता घर जाते की काय?" हातातल्या कागदावर विषय होता : 'आपल्या नावे अंतिम सूचना'. आत काय होते? एका यात्रा कंपनीची काशी-प्रयाग सहल, आणि आरक्षणाची अंतिम तारीख! मास्तरांनी दोन रात्री झोप घेतली नव्हती. त्या कंपनीच्या हिशेबात मात्र 'पत्र उघडले' अशी एक यशस्वी नोंद झाली असणार.

अशा ओळींचा न्याय कायद्याने केलेला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९९८ साली व्यापारी ई-मेलविषयी कायदा केला. त्यात विषयाच्या ओळीतील खोटी वा दिशाभूल करणारी माहिती निषिद्ध ठरली. ऑरेगॉनचा जेसन हेकेल इंटरनेटवरून पैसा कसा मिळवावा हे सांगणारी पुस्तिका विकीत असे, आणि आठवड्याला लाखाहून अधिक पत्रे धाडी. त्याची एक विषयओळ अशी, की आपण योग्य पत्त्यावर लिहिले आहे ना, असे कुणी ओळखीचा संकोचाने विचारीत आहे. वाचणाऱ्याला वाटे, जुना स्नेही असावा. आत पुस्तिकेची जाहिरात. २००१ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. २००३ साली साऱ्या अमेरिकेसाठी झालेल्या कायद्यानेही फसव्या विषयओळी वर्ज्य केल्या. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्याच न्यायालयाने, कपडे विकणाऱ्या 'ओल्ड नेव्ही' या कंपनीविरुद्धच्या प्रकरणात, असा अर्थ लावला की पत्र जाहिरातीचे आहे हे लपविले नाही एवढ्याने भागत नाही. सवलत आजच संपते असे विषयात म्हणून ती उद्याही चालू ठेवणे हेही त्या कायद्यात बसते. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालील २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसव्या क्लृप्त्या गणल्या आहेत, त्यांत खोटी निकड आहे. मास्तरांसारख्यांनी त्यासाठी तक्रार गुदरावी एवढी उमेद मात्र क्वचितच असते.

याच सुमारास आमच्या देवस्थान समितीपुढे पत्राचाच प्रश्न आला. सभामंडपाचे छप्पर गळत होते, आणि मुंबई, पुणे, आखातात पांगलेल्या महाजनांना ई-मेल धाडावयाचा होता. खजिनदारांनी विषय सुचविला : 'देवस्थान संकटात! आजच धावून या!' आम्ही म्हटले, संकट कोठे आहे? कौले फुटली आहेत. ते म्हणाले, "कौलांसाठी कोण उघडतो? लोकांना हाक लागते." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, रुक्ष ओळ कुणी वाचीत नाही हे आम्हीही कचेरीत पाहतो. परंतु ज्या घरी म्हातारे आईबाप असतील तेथे ती हाक ऐकून काय होईल, हे मास्तरांचा चेहरा आठवून आम्हाला दिसत होते. शिवाय पुढल्या वर्षी खरेच काही कोसळले, तर कोणता शब्द उरणार?

तासभर घासाघीस झाली. अखेरीस गेलेली ओळ अशी : 'सभामंडपाची ८०० कौले, मृगापूर्वी बदलावयाची'. खजिनदारांनी नाक मुरडले.

पहिले उत्तर त्याच रात्री मस्कतहून आले. त्यात देणगीचा उल्लेख नव्हता; कौले मंगळुरीच घालणार ना, एवढेच विचारले होते.