चिकटणारा दगड आणि मोजणारे मणी

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात, आठवडी बाजारात एक माणूस हमखास दिसायचा. फडक्यावर मुळ्या, शिंगं, तेलाच्या बाटल्या आणि मधोमध बोटाच्या पेराएवढा काळा दगड. तो दगड दुधाच्या वाटीत टाकला की बुडबुडे निघायचे.

"पाहा बाप्पा, जहर सोडते! साप चावला का हा लावाचा. जहर वढून घेते अन् आपोआप गळून पडते."

आम्ही पोरं डोळे फाडून बघत राहायचो. मोठी माणसं तो दगड विकत घ्यायची.

मी सातवीत असताना, रोवणीच्या दिवसांत, माझ्या वर्गातल्या एका मुलाला रात्री जमिनीवर झोपेत मण्यार चावली. मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. त्यामुळे घरचे फार घाबरले नाहीत. गावात एकाकडे तो दगड होता. दगड जखमेला चिकटला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पहाटे त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, मग श्वास अडकू लागला. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. बाकावरची त्याची जागा आम्ही वर्षभर रिकामी ठेवली.

त्यानंतर एके दिवशी आमचे विज्ञानाचे गुरुजी कोऱ्या माठाची खापरी घेऊन वर्गात आले. ती त्यांनी पाण्यात टाकली. बुडबुडे आले! खापरीला बारीक छिद्रं असतात. पाणी आत शिरतं, हवा बाहेर येते. मग खापरी जिभेला लावायला सांगितली, तर ती चिकटली. "तो दगड म्हणजे बहुतेक वेळा जाळलेलं हाड असतं," गुरुजी म्हणाले. "ओलावा शोषतो म्हणून चिकटतो. विष तर केव्हाच अंगात भिनलेलं असतं. त्याला काय कळणार विष कुठे गेलं ते?"

घरी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग मागच्या साली आपला गडी कसा बरा झाला?"

प्रश्न खरा होता. उत्तर असं, की आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या. त्यातला कवड्या तर मण्यारसारखाच दिसतो. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातंच असं नाही. अशी माणसं काहीही न लावता बरी होतात, आणि नाव होतं दगडाचं! बरे झालेले गावभर सांगत फिरतात. जे गेले, ते सांगायला येत नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टराने 1796 मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या भागावरून त्या फिरवल्या की दुखणं पळतं, असा त्याचा दावा. विलायतेतही त्या खपल्या. 1799 मध्ये बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टराने साध्या लाकडाच्या तशाच कांड्या रंगवून रोग्यांवर फिरवल्या. रोग्यांना तितकाच आराम वाटला! गुण धातूत नव्हता, विश्वासात होता. दुखण्याला विश्वासाने जरा उतार पडतो. मण्यारच्या विषाला पडत नाही.

मग गावठी, साधी वस्तू म्हणजे खोटी, असं का? मुळीच नाही. आमच्या गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एक साधं साधन केलं. मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, बस्स. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत अशा सुइणींनीसुद्धा त्यावर बाळाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पुढे याच संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि तशी सोय नसलेल्या 47 गावांशी ताडून पाहिलं. जगलेली बाळं मोजली, दगावलेलीही मोजली. तिसऱ्या वर्षी त्या 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी असल्याचं दिसलं. 1999 मध्ये ही माहिती साऱ्या जगापुढे आली.

दगड आणि मणी यांत फरक एवढाच. मण्यांचा हिशेब कोणीतरी प्रामाणिकपणे ठेवला.

आज बाजारातल्या फडक्याची जागा मोबाइलने घेतली आहे. चुंबकाचं कडं, सगळे रोग ओळखणारं यंत्र, साखर मुळापासून घालवणारा काढा. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध आपल्या देशात 1954 पासून कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडादोरा करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा मध्यरात्री तुमच्या घरी पोचणार नाही. तुम्ही तर घरातच असता!

म्हणून एवढं लक्षात ठेवा. साप चावला तर चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, हातपाय हलवू देऊ नका, 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. विषाचा खरा उतारा, म्हणजे प्रतिसर्पविष, तिथे मिळतो. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा.

आणि कोणी म्हणालं, "याने किती जण बरे झाले!" तर नम्रपणे विचारा, "काका, आणि किती जण नाही झाले?"