हरवल्याची मोजदाद

नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर निर्मल लागतं. २०१६ पर्यंत हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण आहे. इथे थांबणारा माणूस लाकडी फळं, पक्षी, हरणं किंवा काळ्या जमिनीवर सोनेरी रंगात काढलेलं एखादं चित्र घेऊन पुढे जातो. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, कुणी मागत नाही. तरीही गंजिफांच्या जुन्या केंद्रांमध्ये सावंतवाडी, म्हैसूर, बिष्णुपूर यांच्या जोडीला निर्मलचं नाव येतं. इथल्या नक्काश कारागिरांनी खेळणी रंगवली तशी हाताच्या तळव्यात मावणारी गोल पानंही रंगवली. चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, मग रंग आणि शेवटी लाख. असं एखादं जुनं पान आज समोर आलं, तर जाणता संग्राहक ते हातातून खाली ठेवायला तयार होत नाही. का, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

‘दुर्मिळ आहे म्हणून’ हे उत्तर सगळ्यांच्या ओठावर असतं आणि ते अपुरं आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाण्याच्या बिलाच्या प्रती निर्मलच्या गंजिफांहून कमी उरल्या असतील, पण त्यांच्यामागे कुणी धावत नाही. नुसती वस्तू नाहीशी होऊन भागत नाही, ती नाहीशी झाल्याचा हिशेब कुणीतरी ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या कार्डांचं उदाहरण घ्या. १९०९ ते १९११ या काळात तिथल्या तंबाखू कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रं घातली. होनस वॅग्नर या खेळाडूने आपलं चित्र छापायला नकार दिला. मुलांना तंबाखूचा नाद लागू नये म्हणून, असं म्हणतात. पैशावरून बिनसलं, असंही म्हणतात. पहिली गोष्ट लोकांना अधिक आवडते, एवढं खरं. त्याची थोडीच कार्डं बाहेर पडली आणि त्यांतलं एक २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरना विकलं गेलं. पण मधल्या काळात जेफरसन बर्डिक नावाच्या एका हौशी माणसाने सिगारेट, चॉकलेट, च्युइंगगम यांच्याबरोबर मिळणाऱ्या कार्डांच्या याद्या केल्या, प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला. वॅग्नरच्या मालिकेचं ‘टी २०६’ हे नाव त्याच यादीतलं. सव्वापाचशेच्या आसपास कार्डांची मालिका, आणि तीत एका ठिकाणी भोक. बहुतेकांच्या संग्रहात ते भोक तसंच राहणार होतं. संग्राहकाची इच्छा कार्डापेक्षा त्या भोकातून जन्मते.

या दृष्टीने गंजिफा विलक्षण आहे, कारण तिच्या पोटातच यादी आहे. दशावतारी जोडात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, मिळून १२० पानं. तिघांनी चाळीस-चाळीस वाटून घ्यायची. दिवसा खेळ रामाच्या रंगाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. परशुरामाचा प्रधान हरवला तर काय हरवलं हे लगेच सांगता येतं. पण भरून काढता येत नाही. पान हाताने रंगवलेलं. नवं करून घेतलं तर पाठीची लाख वेगळी चमकणार, कड वेगळी बसणार, आणि समोरच्याला ते उलटं असतानाच ओळखू येणार. म्हणजे बदली पान हे खूण केलेलंच पान. एक पान गेलं की खेळ म्हणून अख्खा जोड संपला. राहिलेली ११९ कोनाड्यात, मग पोरांच्या हाती, मग कुठेच नाहीत. पुढे छापील बावन्न पानांचा स्वस्त जोड आला आणि गंजिफा रंगवून घेण्याचं कारणही उरलं नाही. म्हणूनच आज सापडलेल्या सुट्या पानाकडे पाहताना नसलेली ११९ आपोआप मोजली जातात.

यावर कुणी म्हणेल, एवढा हिशेब कशाला, पान सुंदर आहे म्हणून हवंसं वाटतं. सौंदर्य आहेच. हस्तिदंतावर काढलेल्या दरबारी पानांपुढे बाजारी पानं राकट वाटतात, पण त्यांच्या दोनचार फटकाऱ्यांतही जीव असतो. मात्र फक्त सौंदर्याचाच प्रश्न असता, तर सावंतवाडीचा नवा जोड जुन्याइतकाच हवासा वाटला असता. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तिथली कला मरता मरता सावरली. आज राजवाड्यात रंगवले जाणारे जोड पुष्कळ जुन्या बाजारी जोडांपेक्षा रेखीव आहेत. ते घ्यावेत, भेट द्यावेत, जमल्यास खेळावेतही. संग्राहकाचा श्वास मात्र तिथे अडकत नाही, कारण नवा जोड जपण्यासाठीच घेतला जातो, आणि जे सगळेच जपतात ते दुर्मिळ होत नाही. १९८० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत हेच झालं. जुन्या कार्डांचे भाव ऐकून घरोघर नवी कार्डं प्लास्टिकमध्ये घालून ठेवली, कंपन्यांनी भरमसाट छापली, आणि ती बहुतेक आज मातीमोल आहेत. उलट १९५२ च्या बेसबॉल कार्डांची न खपलेली खोकीच्या खोकी टॉप्स कंपनीने पुढे समुद्रात बुडवली, म्हणून त्या मालिकेतल्या उरलेल्यांना मोल आलं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हे सगळं पैशासाठी चालतं, बाकीचं नंतर चढवलेलं तत्त्वज्ञान. पैसा आहे, आणि त्याच्यासाठी लबाडीही होते. वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाच्या कडा आपण कातरल्या होत्या, अशी कबुली लिलावगृहवाले बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. पण त्या बातमीने खळबळ का माजली? चित्र तेच होतं, कागद तोच होता. बिघडली ती साक्ष. हे कार्ड शंभर वर्षांतून नशिबाने असंच कोरं निसटलं, हे खोटं ठरलं. पैसा जिच्यामागे धावतो ती गोष्ट पैशाने तयार केलेली नसते, हे यावरून दिसतं.

मग निर्मलचं पान वॅग्नरच्या जवळपासही का जात नाही? जोडातल्या पानांची यादी आहे, जोडांची नाही. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांनी गावोगावच्या शैली वेगळ्या करून १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी गंजिफांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे निर्मल आणि सावंतवाडी यांना वेगळे खण मिळाले. तरी कोणता जोड कुणी रंगवला, एका नक्काशाने किती केले, हे त्या खणांत नाही. त्यात जोड फोडून एकेक पान चौकटीत विकण्याची रीत. तिने सुटं पान भिंतीवर शोभतं आणि मोजण्यासारखं जे काही होतं ते विखुरतं. निर्मलच्या नक्काशाने पाठीवर नाव घातलं नाही याची आज हळहळ वाटते. पण त्याला ते घालता येणारच नव्हतं. पाठीवर खूण असलेलं पान डावात चालत नाही.