१२७ अंश आणि ११.३ व्होल्ट

डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पेटीत किती सेन्सर असतात, हे आपण कधी मोजत नाही. काही प्रोसेसरच्या पोटातच असतात, काही मदरबोर्डवर, एखादा हार्ड डिस्कमध्ये. तापमान किती, व्होल्टेज किती, पंखा किती वेगाने फिरतोय हे ते अखंड सांगत असतात आणि कोणी ऐकत नसतं. मशीन बंद पडायला लागलं की मग आपण एखादं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकतो, आकड्यांची लांबलचक यादी उघडते, आणि त्यातला सगळ्यात भयानक आकडा आपण खरा धरून बसतो.

२०२५च्या जूनमध्ये रत्नागिरीत माझ्या आत्याच्या दुकानात हा भयानक आकडा होता १२७ अंश सेल्सिअस.

आत्याचं दुकान मारुती मंदिरच्या बाजूला एका गल्लीत आहे. झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका आणि ऑनलाइन फॉर्म. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतून आईबाप मुलांना घेऊन, प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट गुंडाळून, भर पावसात तिच्या दारात उभे. आणि नेमकं तेव्हाच दुकानातलं एकुलतं एक मशीन दिवसातून चार-पाच वेळा धाडकन बंद पडायला लागलं. अर्धा भरलेला फॉर्म गेला की पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये जे मिळतं त्यावर तिचं दिवाळीपर्यंतचं भाडं निघतं.

दुरुस्तीवाल्याने सॉफ्टवेअर लावून तिला स्क्रीनवरचा लाल आकडा दाखवला. "बघा, १२७. बोर्ड जळत चाललाय. ह्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." नव्याचं कोटेशन होतं अडतीस हजार. आत्या अठ्ठावन्न वर्षांची आहे. अडतीस हजार घालायचे की शटर ओढून मोकळं व्हायचं, असा तिचा हिशोब सुरू झाला होता. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, फॉर्म भरायला माझ्याकडे कोण किती दिवस येणार, हे ती आधीपासूनच म्हणत होती. त्यात हे निमित्त.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो, म्हणून मला बोलावणं आलं. गेल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "पाणी शंभराला उकळतं ना रे? मग हे एकशेसत्तावीस असताना मी दिवसभर त्याला पाय टेकून बसते ती कशी?"

खरं तर अर्धं निदान इथेच झालं होतं.

मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, तिचं काम देखरेखीचं. तिला तापमानासाठी चार-पाच जोडण्या दिलेल्या असतात. बोर्ड बनवणारी कंपनी त्यातल्या लागतील तेवढ्याच वापरते. स्वस्त बोर्डांवर एखाद-दुसरी जोडणी रिकामीच राहते. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसतं. ते त्या रिकाम्या पिनलाही 'तापमान किती?' विचारतं आणि चिप मोजपट्टीच्या टोकाचा आकडा सांगून मोकळी होते. आठ बिटांत अधिक-उणे चिन्हासकट मावणारी सगळ्यात मोठी संख्या १२७. आत्याच्या मशीनमध्ये तो आकडा 'ऑक्सटिन' नावासमोर होता, म्हणजे जादा तापमानासाठी ठेवलेली जागा. तिथे सेन्सरच नव्हता.

हे ताडायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. खरं तापमान हलतं. पेटीचं झाकण काढा, समोर टेबलफॅन लावा, मशीन तासभर बंद ठेवून पुन्हा चालू करा, ते खाली-वर होणारच. आमचं १२७ सकाळी १२७, दुपारी १२७, पंख्यासमोरही १२७.

यादीत उलटी गंमतही होती. एक सेन्सर १८ अंश सांगत होता. जूनमध्ये, रत्नागिरीत, बंद खोलीत! पंखा हवा फिरवतो, हवेपेक्षा गार काही करू शकत नाही. खोली ३० अंशांवर असेल तर साध्या पंख्यावर चालणाऱ्या मशीनच्या आत ३०च्या खालचं काहीही खोटं समजावं. आणखी एक, कोकणात आपल्याला जे उकडतं ते दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याला कोरडे ३० आणि दमट ३० सारखेच. दमट, खारी हवा त्रास देते ती हळूहळू, जोडण्यांवर गंज चढवून.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरवर, पण तोही काय सांगतो हे समजून घेऊन. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर 'मी मर्यादेपासून इतका खाली आहे' एवढंच सांगतो. मर्यादा १०० असेल आणि तो ४० खाली म्हणाला, तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ६० दाखवतं. २०१७ साली एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांनी तर खऱ्यापेक्षा २० अंश जास्त सांगितलं, तेही ठरवून; वेगवेगळ्या मॉडेलांचे पंखे एकाच पद्धतीने चालावेत म्हणून कंपनीने ते २० अंश मुद्दाम मिळवले होते. आत्याच्या मशीनचा प्रोसेसर इंटेलचा. भर कामात तो ६३ म्हणत होता. म्हणजे जळणं वगैरे काही नव्हतं.

राहिलं व्होल्टेज. पॉवर सप्लाय, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, घरातल्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करून देतो. देखरेखीच्या चिपला एवढं थेट मोजता येत नाही, तिची झेप दोन-चार व्होल्टची. म्हणून बोर्डावर दोन रेझिस्टर लावून १२ व्होल्ट लहान करून तिला दाखवतात आणि सॉफ्टवेअर ते परत गुणून मोठे करतं. किती पटीने गुणायचं हे बोर्डागणिक बदलतं. दुरुस्तीवाल्याचं सॉफ्टवेअर चुकीच्या पटीने गुणून १२च्या जागी ८ दाखवत होतं. खरे ८ असते तर मशीन सुरूच झालं नसतं. बायोसला मात्र स्वतःच्या बोर्डाची पट माहीत असते. बायोसच्या पडद्यावर ११.८ होते. मी दुसरं सॉफ्टवेअर टाकलं, एचडब्ल्यूइन्फो, त्यातही ११.८च्या आसपास. दोन साक्षीदार जुळले.

एटीएक्सच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टमध्ये पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. आमचे ११.८ त्यात बसत होते. पण बायोसच्या पडद्यावर मशीन रिकामं बसलेलं असतं. म्हणून एचडब्ल्यूइन्फोला दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहायला लावलं आणि आत्याला सांगितलं, तू नेहमीचं काम कर. तिने एकीकडे स्कॅनिंग, दुसरीकडे फॉर्म, तिसरीकडे पत्रिकेची फाइल असा तिचा नेहमीचा संसार मांडला. चाळीस मिनिटांनी पडदा काळा.

फाइलच्या शेवटच्या ओळी वाचल्या. प्रोसेसर ६१. ऑक्सटिन १२७, जागचं हललेलं नाही. आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ११.७, ११.६, ११.४, ११.३. पुढे ओळ नाही. लिहायला मशीनच उरलं नव्हतं. शेवटी ते किती खाली गेलं हे दोन सेकंदांच्या फटीत निसटलं.

तरीही हा सेन्सरचाच शब्द. म्हणून मल्टिमीटर. हार्ड डिस्कला जाणाऱ्या वायरींच्या गुच्छात एक चौकोनी कनेक्टर मोकळा होता; पिवळी वायर १२ व्होल्टची, काळी अर्थिंगची. काम सुरू असताना मीटरवर ११.३. तिसरा साक्षीदार. पॉवर सप्लाय आठ वर्षांचा होता. त्यातल्या कपॅसिटरांमधला द्रव काळाबरोबर सुकतो आणि आतली गरमी दर दहा अंशांनी वाढली की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ती पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. अडीच हजारांचा नवा पॉवर सप्लाय बसवला. भर कामात १२.१. अडतीस हजार वाचले, आणि शटरचा विषय निघाला नाही.

२०२४च्या मे महिन्याच्या शेवटी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि लगेच नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले. आपण सगळ्यांनी ते स्क्रीनशॉट फिरवले. हवामान खात्याने मुंगेशपूरला माणसं पाठवून प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिलं, तर तिथला सेन्सर तीन अंश जास्त सांगत होता. नागपूरचा आकडाही सेन्सरच्या बिघाडाचा निघाला. पण त्या दिवसांत ऊन खोटं नव्हतं. लोक उष्माघाताने आजारी पडत होते, मरत होते. ५६ खोटं निघाल्यावर 'मग एवढं काही नाही' म्हणणं हेही तितकंच चुकीचं. आत्याच्या मशीनमध्येही १२७ खोटं होतं म्हणून दुखणं खोटं नव्हतं. ते शांतपणे ११.३वर बसलं होतं, लाल रंगातही नव्हतं.

मनगटावरच्या घड्याळापासून हवेच्या प्रदूषणाच्या अ‍ॅपपर्यंत हल्ली सगळीकडे असे आकडे आहेत. आकडा कोण सांगतंय, ते कुठे बसलंय, आणि दुसरं कोणी तेच सांगतंय का, इतकं विचारायला पाच मिनिटं लागतात.

ऑक्सटिन अजूनही १२७ दाखवतं. तिथे सेन्सर कधी येणारच नाही. आत्याने मॉनिटरच्या कडेला स्केचपेनने लिहून एक चिठ्ठी चिकटवली आहे : "१२७ = जोडलेलं नाही. घाबरू नये. १२ व्होल्ट बघावे."